फुप्फुस आणि प्रकाश : साडेतीनशे वर्षांचे निरीक्षण

फुप्फुस हा मोठ्या अवयवांतला आकारमानाच्या मानाने सर्वांत हलका अवयव. यकृत किंवा मूत्रपिंड पाण्यात टाकले तर ते बुडते. फुप्फुस तरंगते, कारण फुगलेल्या फुप्फुसाच्या आकारमानात ८० ते ९० टक्के हवाच असते. उरलेल्या भागात श्वासनलिकांच्या फांद्या, रक्तवाहिन्या आणि वायुकोशांच्या अतिशय पातळ भिंती असतात. एका वायुकोशाचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतका भरतो. त्यातली हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतले रक्त यांच्यामधला पडदा बऱ्याच ठिकाणी एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. श्वासोच्छ्वासाचा सारा व्यवहार या पडद्यातून चालतो. त्यामुळे फुप्फुस समजून घ्यायचे तर हा पडदा आणि त्याला ताणून धरणारे तंतू पाहावे लागतात.

ते पाहणे मात्र कठीण. साबणाचे पाणी पारदर्शक असते, पण त्याचा फेस केला की तो पांढरा दिसतो. पाण्यातून हवेत आणि हवेतून पुन्हा पाण्यात जाताना प्रकाश प्रत्येक बुडबुड्याच्या पृष्ठभागावर वळतो, परततो आणि शेवटी सगळीकडे विखुरतो. फुप्फुस हा असाच जिवंत फेस आहे. ऊतीचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, सुमारे १.३८ आणि हवेचा १. एवढी मोठी तफावत शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही अवयवात इतक्या दाटीने आढळत नाही. फुप्फुसाच्या प्रकाशीय तपासणीचा इतिहास हा बऱ्याच अंशी या हवेशी केलेल्या झटापटीचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात १६६१ साली इटलीत, बोलोन्या शहरात झाली. मार्चेल्लो माल्पीगीने पिसा येथील आपला मित्र आणि गणितज्ञ जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली याला फुप्फुसांविषयी दोन पत्रे लिहिली आणि ती त्याच वर्षी छापली गेली. तोवर फुप्फुस हा रक्ताने भरलेला मांसल गोळा मानला जाई. माल्पीगीने फुप्फुसाच्या धमनीतून पाणी सोडून रक्त धुऊन काढले, मग फुप्फुस फुगवून वाळवले. मांस म्हणून जे समजले जात होते, ते पातळ पडद्यांच्या पिशव्यांचे पोळे निघाले.

दुसऱ्या पत्रातली गोष्ट अधिक मोलाची आहे. विल्यम हार्वीने १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केले होते, पण धमनीतले रक्त शिरेत नेमके कोणत्या वाटेने जाते हे त्याला दाखवता आले नव्हते. माल्पीगीने बेडूक घेतला. बेडकाचे फुप्फुस ही साधी, पारदर्शक पिशवी असते. मोठ्या प्राण्यांत जे हाती लागत नव्हते ते त्याला इथे दिसले. जिवंत बेडकाच्या फुप्फुसात रक्त बारीक बारीक वाटांनी वाहताना दिसे, पण त्या वाटांना स्वतःच्या भिंती आहेत की रक्त मोकळ्या पोकळीत सांडते हे ठरत नव्हते. वाळवलेल्या फुप्फुसात वाहते रक्त नव्हते, पण नळ्यांचे जाळे स्पष्ट होते. दोन्ही निरीक्षणे एकत्र ठेवली तेव्हा केशवाहिन्या सिद्ध झाल्या. पाहण्याच्या रीतीही त्याने दोन सांगितल्या आहेत : एक, मावळत्या किंवा उगवत्या सूर्याच्या आडव्या किरणांसमोर धरून एका भिंगातून, आणि दुसरी, काचेच्या पट्टीवर ठेवून खालून मेणबत्तीचा उजेड देऊन दोन भिंगांच्या सूक्ष्मदर्शकातून. वस्तू एक, उजेड दोन, आणि निष्कर्ष दोघांच्या मेळातून. आज कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांनी फुप्फुसाची जी तपासणी होते तिचे मूळ तत्त्व या पत्रात आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

त्यानंतरची दीड शतके तशी संथ गेली. भिंगे मोठे दाखवत, पण कडांना इंद्रधनुष्याच्या पट्ट्या पाडत आणि प्रतिमा धूसर करत. १८०८ साली बर्लिनच्या अकादमीने गौरवलेल्या निबंधात फ्रान्झ डानिएल रायसायसेनने श्वासनलिका फांद्या फुटत फुटत शेवटी बंद तोंडाच्या वायुकोशांत संपतात हे दाखवले, तो या काळातला ठळक टप्पा. १८३० मध्ये इंग्लंडच्या जोसेफ जॅक्सन लिस्टरने भिंगांची जुळणी शास्त्रावर आणली आणि रंगदोष कमी केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शक खऱ्या अर्थाने विश्वासाचा झाला. १८७३ मध्ये एर्न्स्ट आबे याने येना येथे प्रकाशाची मर्यादाही सांगून टाकली : तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या भिंगातून वेगळे दिसणार नाहीत.

प्रकाशाइतकेच महत्त्व ऊतीच्या तयारीला आहे. छाती उघडली की फुप्फुस फुग्यासारखे आकसते आणि वायुकोशांच्या भिंती एकमेकींना चिकटतात. अशा मिटलेल्या अवयवाचा छेद काहीच खरे सांगत नाही. म्हणून श्वासनलिकेतून द्रव भरून फुप्फुस फुगलेल्या स्थितीत पक्के करण्याची रीत आली. १८६९ मध्ये एडविन क्लेब्सने ऊती पॅराफिनच्या मेणात बसवली. १८७६ मध्ये हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन ही रंगांची जोडी वापरात आली. पेशीकेंद्रे निळी-जांभळी आणि बाकीची ऊती गुलाबी करणारी ही जोडी जगभरच्या प्रयोगशाळांत अजूनही रोज वापरली जाते. १८९३ मध्ये फेर्डिनांड ब्लूमने फॉर्मॅलिन ऊती टिकवते हे दाखवले. फुप्फुसाच्या दृष्टीने मात्र अधिक मोलाचे ठरले ते तंतूंचे रंग. व्हान गीसनच्या मिश्रणाने कोलॅजेन लाल होते. वायगर्टने १८९८ मध्ये आणि व्हेरहॉफने १९०८ मध्ये दिलेल्या रंगांनी लवचीक तंतू, म्हणजे इलॅस्टिन, गडद दिसतात. दोन्ही एकाच छेदावर चढवले की फुप्फुसाचा सांगाडा उलगडतो : श्वास सोडताना फुप्फुसाला मागे खेचणारे इलॅस्टिन आणि ते प्रमाणाबाहेर ताणले जाऊ नये म्हणून लगाम धरणारे कोलॅजेन.

या दोन तंतूंच्या तोलावर फुप्फुसाचे दोन मोठे आजार उभे आहेत. एम्फिसीमामध्ये इलॅस्टिन तुटते, वायुकोशांच्या भिंती विरतात आणि लहान पोकळ्यांच्या जागी मोठ्या निकामी पोकळ्या होतात. १९६३ मध्ये स्वीडनमधील लॉरेल आणि एरिकसन यांनी रक्तातल्या आल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाच्या कमतरतेचा या आजाराशी संबंध दाखवला आणि इलॅस्टिनचा नाश हाच रोगाचा गाभा असल्याचे पुढे पटत गेले. फायब्रोसिसमध्ये उलटे घडते : कोलॅजेन साचत जाते, फुप्फुस कडक होते आणि श्वास आत घेणेच जड जाते. फुप्फुस पाहणाऱ्या पुढच्या साऱ्या तंत्रांचा कस या दोन तंतूंवर लागला.

प्रकाशाची मर्यादा फुप्फुसाच्या अभ्यासात कशी आड आली याचे उत्तम उदाहरण म्हणजे वायुकोशांच्या अस्तराचा वाद. केशवाहिन्यांवर पेशींचे अखंड अस्तर आहे की त्या हवेत उघड्याच आहेत, यावर १८४० च्या दशकापासून शतकभर मतभेद राहिले. दोन्ही बाजूंकडे चांगले निरीक्षक होते, चांगले छेद होते. पण तो पडदा आबेच्या मर्यादेच्या आसपासच घुटमळत होता. १९५२-५३ मध्ये फ्रँक लो याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अस्तर पातळ पण अखंड असल्याचे दाखवले आणि वाद मिटला. प्रकाशाचे तंत्र कमी पडले की दुसऱ्या तंत्राकडे जावे लागते, आणि मग परत येऊन जुन्या छेदांत नवे दिसते. तेच इथे घडले. त्या पायावर एवाल्ड वायबेलने १९६३ च्या आपल्या ग्रंथात माणसाच्या फुप्फुसाचे मोजमाप मांडले आणि वायुकोशांची संख्या सुमारे ३० कोटी धरली. २००४ मध्ये सहा मानवी फुप्फुसांवर अधिक नेमक्या पद्धतीने केलेल्या मोजणीत सरासरी ४८ कोटी निघाली. फुप्फुस मोठे तर वायुकोशही जास्त, असेही त्या मोजणीत दिसले.

रंग न लावता ऊतीला स्वतःच बोलते करण्याची वाट विसाव्या शतकाच्या आरंभी उघडली. १९०४ च्या सुमारास ऑगस्ट कोलर अतिनील किरणांनी सूक्ष्मदर्शक चालवण्याचा प्रयत्न करत होता. अधिक बारीक दिसावे हा त्याचा हेतू. तेव्हा काही ऊती त्या किरणांत आपापल्या रंगाने उजळतात, हे त्याला नको असलेल्या अडचणीसारखे आढळले. ही अडचण म्हणजेच अनुस्फुरण : एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकण्याचा गुण. १९११ मध्ये हाइमश्टेटने त्यासाठी वेगळा सूक्ष्मदर्शक बनवला. फुप्फुसात हा गुण इलॅस्टिनमध्ये ठळक असतो. रंगाचा थेंबही न घालता निळ्या प्रकाशात ते हिरवट चमकते. दुसरी वाट ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या, प्रकाशाची. कोलॅजेनचे तंतू एका दिशेने रचलेले असल्याने ध्रुवित प्रकाशात ते झळकतात. १९७९ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलोच्या जुंकेरा आणि सहकाऱ्यांनी पिक्रोसिरियस रेड हा रंग ध्रुवित प्रकाशाशी जोडला, तेव्हा कोलॅजेन ओळखण्याची खात्रीची रीत मिळाली.

हे सारे मृत ऊतीवर चालले होते. जिवंत फुप्फुसापर्यंत प्रकाश न्यायचा तर आत वाट हवी. १८९७ मध्ये फ्रायबुर्गच्या गुस्टाफ किलियानने एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेला हाडाचा तुकडा सरळ नळी घालून काढला. दुर्बिणीने फुप्फुस तपासण्याची ही सुरुवात. ताठ नळीची मजल मोठ्या शाखांपुरतीच होती. १९५४ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखवले. त्याच वर्षी हॉलंडच्या फान हेलचाही असाच लेख आला. १९६६ मध्ये टोकियोच्या शिगेतो इकेदा यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण श्वासनलिकांत उतरवली. ब्राँकोस्कोपी सर्वसाधारण रुग्णालयापर्यंत पोहोचली ती यामुळे. दुर्बिणीतून दिसतो तो श्वासनलिकेचा आतला पृष्ठभाग. वायुकोश त्या पलीकडे राहतात. प्राण्यांत मात्र १९३४ मध्येच जोसेफ वर्न याने छातीच्या पडद्यातून पृष्ठभागालगतच्या केशवाहिन्या जिवंतपणी पाहिल्या होत्या, आणि सर्व केशवाहिन्यांतून एकाच वेळी रक्त वाहत नाही हे नोंदवले होते.

पांढऱ्या प्रकाशात कर्करोगाची पहिली पावले दिसत नाहीत. अस्तराचे काही थर बिघडलेले असतात, पण पृष्ठभाग सारखाच गुलाबी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातील व्हँकुव्हरच्या स्टीफन लाम आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून निळा प्रकाश सोडला. निरोगी भिंत स्वतःच्या अनुस्फुरणाने हिरवी दिसते, आणि बिघडलेल्या जागी अस्तर जाड झाल्याने व रक्तपुरवठा वाढल्याने हिरवा मंदावून तांबूस डाग उरतो. पूर्वी हातून निसटणाऱ्या जागा सापडू लागल्या. पण साधी सूज, जुना खोकला, आधीच्या बायोप्सीचा व्रण यांचेही डाग तसेच दिसत. यंत्र दाखवी त्यांतल्या पुष्कळ जागा निर्दोष निघत आणि रुग्णाला विनाकारण चिमटे काढले जात. एकट्या तंत्राची उणीव इथे रुग्णाच्या अंगावर उमटत होती. म्हणून दुसऱ्या तंत्राची साथ ही चैन नव्हती, गरज होती.

ती साथ दोन ठिकाणांहून आली. पहिली रामन परिणामाची. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जाहीर केलेला हा परिणाम सांगतो, की रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश आपली तरंगलांबी बदलतो, आणि तो बदल रेणूच्या बंधांची ओळख पटवतो. व्हँकुव्हरच्याच गटाने २००३ मध्ये काढून घेतलेल्या फुप्फुस ऊतीत कर्करोग आणि निरोगी भाग यांचे रामन वर्णपट वेगळे असल्याचे दाखवले. २०११ मध्ये त्यांनी हे तंत्र दुर्बिणीतूनच, अनुस्फुरणाने दाखवलेल्या संशयित जागेवर वापरले. अनुस्फुरणाने जागा शोधायची, रामनने ती पारखायची. खोट्या इशाऱ्यांची संख्या त्या छोट्या अभ्यासात लक्षणीय घटली. कोलकात्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेतला शोध श्वासनलिकेच्या आत वापरला जातो, याचा अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

दुसरी साथ ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे ओसीटी, या तंत्राची. १९९१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या जेम्स फुजिमोटो यांच्या गटाने ते मांडले. सोनोग्राफीत ध्वनीचा प्रतिध्वनी मोजतात, इथे परतणाऱ्या प्रकाशाला किती वेळ लागला हे लहरींच्या व्यतिकरणावरून काढतात. श्वासनलिकेच्या भिंतीत दोन-तीन मिलिमीटर खोलवरचे थर, दहा-पंधरा मायक्रॉन इतक्या बारकाईने, ऊती न कापता दिसतात : अस्तर, त्याखालचा पडदा, ग्रंथी, कूर्चा. रचना दिसते, पण ती कशाची बनली आहे हे ओसीटी सांगत नाही. अनुस्फुरण घटक सांगते, पण खोली सांगत नाही. म्हणून दोन्ही एकाच तंतूत गुंफले गेले. २०१४ च्या सुमारास व्हँकुव्हरमध्येच दुहेरी आवरणाच्या काचतंतूतून हे साधले. मधल्या गाभ्यातून ओसीटीचा अवरक्त प्रकाश जातो आणि भोवतालच्या आवरणातून ऊतीचे मंद अनुस्फुरण गोळा होऊन परत येते. तंतूचे टोक फिरत फिरत मागे ओढले जाते आणि नलिकेच्या भिंतीच्या दोन प्रतिमा एकाच वेळी, एकाच जागेच्या मिळतात. दोन यंत्रांनी आगेमागे घेतलेल्या प्रतिमा श्वासाच्या हालचालीमुळे कधीच नीट जुळत नाहीत. त्यामुळे एकाच तंतूचे महत्त्व मोठे. बॉस्टनमध्ये ओसीटीला ध्रुवित प्रकाशाची जोड देऊन २०१६ मध्ये श्वासनलिकेभोवतीचा स्नायूही वेगळा दाखवला गेला. दम्याच्या अभ्यासात तो फार लागतो.

वायुकोशांत मात्र ओसीटीलाही हवा आडवी येते. पृष्ठभागालगतच्या एक-दोन वायुकोशांपुढे प्रकाश विखुरतो, आणि दिसणारा आकारही वक्रीभवनामुळे बदलतो. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या गटाने २०१२ मध्ये ओसीटी आणि कॉन्फोकल अनुस्फुरण एका मांडणीत आणून प्राण्यांच्या फुप्फुसात वायुकोशांची पोकळी आणि त्यांच्या भिंतीतले तंतू एकत्र पाहिले. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक ही मार्विन मिन्स्कीची १९५५ ची कल्पना : एका बिंदूवर प्रकाश टाकायचा आणि सूक्ष्म छिद्रातून फक्त त्याच बिंदूचा प्रकाश स्वीकारायचा, म्हणजे वरखालचा धूसर उजेड गळून जातो. फ्रान्समधील रुआँ येथील ल्यूक तिबेरविल यांनी २००७ मध्ये हे तंत्र काचतंतूंच्या जुडग्यातून माणसाच्या श्वासनलिकेत आणि २००९ मध्ये थेट वायुकोशांपर्यंत नेले. जागत्या माणसाच्या फुप्फुसातले इलॅस्टिनचे जाळे पडद्यावर आले. धूम्रपान करणाऱ्यांच्या वायुकोशांत सफाई करणाऱ्या पेशी तंबाखूच्या काजळीमुळे झगझगीत दिसल्या. धूम्रपान न करणाऱ्यांत त्या काळोख्याच राहतात.

सर्वांत फलदायी मेळ ठरला तो दोन फोटॉनांच्या सूक्ष्मदर्शकात. एक रेणू एकाच क्षणी दोन फोटॉन शोषू शकतो, हे मारिया ग्योपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये कागदावर सिद्ध केले. १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी अतिशय आखूड स्पंदांचा लेसर वापरून त्यावर सूक्ष्मदर्शक उभा केला. याच लेसरखाली कोलॅजेन आणखी एक गोष्ट करते : आलेल्या प्रकाशाच्या बरोबर निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश परत देते. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला तर ४०० चा परततो. हा गुण दोऱ्यासारख्या रचलेल्या कोलॅजेनमध्ये आहे, इलॅस्टिनमध्ये तो नाही. एकाच किरणाने इलॅस्टिन अनुस्फुरणातून आणि कोलॅजेन या द्विगुणित लहरीतून, दोन वेगळ्या वाटांनी उजळतात. व्हेरहॉफ आणि व्हान गीसन यांनी दोन रंगांनी जे केले, तेच इथे रंगाशिवाय आणि तिन्ही मितींत घडते. २००७ मध्ये फ्रान्समध्ये यावरून फुप्फुसाच्या फायब्रोसिसचे मोजमाप करून दाखवले गेले. १९९९ मध्ये अमेरिकेत सनी शिए यांच्या गटाने सुधारलेले रामन-आधारित सूक्ष्मदर्शन यालाच जोडले की मेदाचे थेंब आणि पेशींची आवरणेही त्याच चित्रात येतात.

काढून घेतलेल्या मानवी फुप्फुसावर ही तंत्रे वापरताना हवेचा प्रश्न सोडवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, पातळ गरम अगारोज वायुकोशांत भरून गोठवायचे, म्हणजे ते उघडे राहतात, जिवंत छेद घेता येतात आणि अपवर्तनांकाची तफावतही बरीच कमी होते. दुसरी रीत लाइपझिगच्या व्हेर्नर श्पाल्टेहोल्ट्सची. त्याने १९११ च्या सुमारास ऊतीतले पाणी काढून जागी तिच्याच अपवर्तनांकाचे तेल भरले आणि अवयव काचेसारखे पारदर्शक केले. शंभर वर्षांनी हीच कल्पना नव्या रसायनांसह परत आली आहे आणि प्रकाशाच्या पातळ पडद्याने उजळणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली फुप्फुसाचे मोठे तुकडे न कापता पाहता येतात.

या सर्व तंत्रांची पारख शेवटी एकाच मापाने होते : तीच जागा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा छेद घेऊन, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवून. प्रकाशीय तंत्रांचा मेळ आज बायोप्सी कुठून घ्यावी हे सुचवतो आणि संशोधनात रोगाची वाटचाल दाखवतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या निदानावर पॅथॉलॉजिस्टची सही होते ती मात्र बहुतेक वेळा १८७६ च्या त्या दोन रंगांच्या छेदाकडे पाहूनच.